चारशे माणसं, आठ वर्गखोल्या: आपत्तीतलं आरोग्य ऑनलाइन शिकताना

माढा तालुक्यात समुदाय आरोग्य अधिकारी असलेल्या एका ताईंनी विचारलंय. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा नदीकाठची चारशेएक माणसं त्यांच्या गावच्या शाळेत आणून ठेवली होती. त्या लिहितात, "औषधं माझ्याकडे होती. पण पाणी, संडास, बाहेरून येणारं जेवण, मेलेली जनावरं यांचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं, आणि सगळे मलाच विचारत होते. आता ऑनलाइन शिकायचं म्हणते. कोर्स बहुतेक इंग्रजीत आणि परदेशातले दिसतात. त्यांचा आपल्याकडे उपयोग होतो का? सुरुवात कुठून करू?"

ताई, उपयोग होतो, आणि बराच होतो. अट एकच आहे. कोर्समध्ये जो आकडा वाचाल तो त्याच आठवड्यात आपल्या गावात मोजून बघायचा. "माणशी १५ लिटर पाणी" असं वाचलं की फोन खिशात टाकून शाळेच्या टाकीपाशी जायचं आणि टाकीत किती मावतं ते लिहून आणायचं. एवढं केलं नाही तर हाती प्रमाणपत्र राहतं आणि पुराच्या रात्री माणूस पुन्हा पहिल्यासारखाच बावरतो. भिंतीवर चार-चार प्रमाणपत्रं लावलेल्यांना मी तसं बावरताना पाहिलंय.

मी आरोग्य सेवक म्हणून लागलो आणि ३४ वर्षांनी आरोग्य पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरीला तीन वर्षं झाली होती तेव्हा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. इकडे सोलापुरातही माणसं अंथरुणातून उठून रस्त्यावर आली होती. आमच्या पथकाला तिकडे पाठवलं. मला इंजेक्शन देता येत होतं, हिवतापाची काचपट्टी घेता येत होती. पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या माणसांसाठी संडासाचा चर कुठे खणायचा हे मात्र मला कोणी शिकवलेलं नव्हतं. आम्ही तो सोयीचा म्हणून हातपंपाच्या वरच्या अंगाला खणला. पाऊस झाला, चर भरला, पाणी उताराने हातपंपाकडे गेलं. दोन दिवसांत त्या शेडमधली लहान मुलं जुलाबाने आडवी झाली. सगळी वाचली, पण त्यातल्या एका पोराचे खोल गेलेले डोळे अजून माझ्या डोळ्यांपुढे येतात. चर पाण्यापासून ३० मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला असावा, तळ भूजलाच्या पातळीपेक्षा किमान दीड मीटर वर असावा, ही दोन वाक्यं तेव्हा माहीत असती तर ते टळलं असतं. आज ती दोन वाक्यं फोनवर फुकट मिळतात. म्हणून ऑनलाइन शिक्षणाला नावं ठेवणाऱ्यांचं मला पटत नाही.

ही मोजमापं आली कुठून तेही सांगतो, म्हणजे त्यांचं वजन कळेल. जुलै १९९४ मध्ये रवांडातून पळालेली लाखो माणसं शेजारच्या देशातल्या गोमा शहराजवळ येऊन थांबली. खडकाळ जमीन, चर खणता येईनात, पाणी तळ्याचं. पटकी (कॉलरा) आणि आमांश यांनी पहिल्या महिनाभरात जवळपास ५०,००० माणसं गेली. मदत करणाऱ्या संस्था भरपूर होत्या, पण किती पाणी म्हणजे पुरेसं, किती संडास म्हणजे पुरेसे, यावर त्यांचं एकमत नव्हतं. त्या धक्क्यातून १९९७ मध्ये स्फिअर नावाचा उपक्रम सुरू झाला आणि त्यांनी किमान मानकांची पुस्तिका काढली. सध्याची आवृत्ती २०१८ ची आहे, इंटरनेटवर मोफत वाचता येते. तुम्ही कोणताही कोर्स घेतलात तरी पाणी-स्वच्छतेचे आकडे बहुतेक करून याच पुस्तिकेतून आलेले असतात.

आता ते आकडे तुमच्या शाळेत उतरवू. चारशे माणसं धरा.

पाणी माणशी दिवसाला १५ लिटर, म्हणजे ६,००० लिटर. ट्रॅक्टरचा ५,००० लिटरचा टँकर दिवसातून एकदा आला तर पुरत नाही, दुसरी खेप लागते. २५० माणसांमागे एक नळ, म्हणजे किमान दोन तोट्या. संडास पहिल्या दिवसांत ५० माणसांमागे एक, म्हणजे आठ. मुक्काम लांबला तर २० माणसांमागे एक, म्हणजे वीस. त्यातही बायकांसाठी तीन तर पुरुषांसाठी एक असं प्रमाण सांगितलंय. झोपायच्या जागेपासून ५० मीटरच्या आत, आतून कडी आणि रात्री उजेड. जागा माणशी साडेतीन चौरस मीटर. आपल्याकडची वर्गखोली साधारण २० फूट बाय २५ फूट असते, म्हणजे ४६ चौरस मीटर. त्यात हिशेबाने तेरा माणसं बसतात. आठ खोल्यांच्या शाळेत १०४.

तुमच्या शाळेत चारशे होती. मी तुम्हाला दोष देत नाही, त्या रात्री दुसरी जागाच नव्हती. पण हा हिशेब पावसाळ्याआधी कागदावर असता तर मंगल कार्यालय, मंदिराचा सभामंडप, बाजार समितीची शेड यांच्या मालकांशी तेव्हाच बोलणं झालं असतं. प्रशिक्षणाचा खरा फायदा मला इथे दिसतो. ग्रामसभेत "जागा कमी पडेल" म्हटलं तर कोणी ऐकत नाही. "शाळेत १०४ माणसं मावतात, आपली पूररेषेतली माणसं चारशे आहेत, उरलेल्या तीनशेंचं काय?" असं विचारलं की सरपंच वही काढतात.

संडासाबद्दल अजून थोडं, कारण ऑनलाइन धड्यात हा भाग पाच मिनिटांत उरकतात. एका पुरात आमच्या छावणीत दुसऱ्या दिवसापासून बायका लघवीला जळजळ होते म्हणून येऊ लागल्या. मी पाण्याचा नमुना घेतला, तो चांगला निघाला. शेवटी आमच्या आशाताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की संडास मैदानाच्या पलीकडे अंधारात आहेत, वाटेत पुरुष बसलेले असतात, म्हणून बायका संध्याकाळी चारनंतर पाणीच पीत नाहीत. पाणी होतं, संडास होते, आकडे जुळत होते. आम्ही एक बल्ब लावला, वाटेत ताडपत्रीचा आडोसा केला आणि बायकांचा रस्ता वेगळा काढला. तेव्हापासून मी कोणत्याही कोर्समध्ये संडासाचा धडा आला की सोबतच्या सेविकांना आधी विचारतो: रात्री दोन वाजता तुम्ही स्वतः इथे एकट्या जाल का?

आता तुमचा मुख्य प्रश्न, कोणते कोर्स.

पर्यावरणीय आरोग्य आणि आपत्ती या दोन्हींना नेमका धरून चालणारा, मला सर्वांत नेटका वाटलेला अभ्यासक्रम अमेरिकेच्या सीडीसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा आहे. नाव 'एन्व्हायर्नमेंटल हेल्थ ट्रेनिंग इन इमर्जन्सी रिस्पॉन्स', लघुरूप ईएचटीईआर. त्याचे दोन स्तर आहेत. पहिला जाणिवेचा, तो ऑनलाइन. दुसरा प्रत्यक्ष कामाचा, तो अलाबामातल्या अ‍ॅनिस्टन इथल्या प्रशिक्षण केंद्रावर जाऊन, हाताने करून शिकायचा. ही विभागणी नीट लक्षात घ्या. ज्यांनी अभ्यासक्रम रचला त्यांनीच हाताचं काम पडद्यावर शिकवायचं नाही असं ठरवलं. आपण अ‍ॅनिस्टनला जाणार नाही. आपलं अ‍ॅनिस्टन आपल्यालाच माढ्यात उभं करायचंय. विषय मात्र सगळे आपल्या कामाचे आहेत: पिण्याचं पाणी, सांडपाणी, अन्नसुरक्षा, डास-उंदीर, घनकचरा आणि घातक पदार्थ, निवारा केंद्रं, पाण्यात बुडालेल्या इमारतींची तपासणी, मदत करणाऱ्यांची स्वतःची सुरक्षितता. उदाहरणं चक्रीवादळाची आणि अमेरिकन घरांची आहेत. तिथलं सेप्टिक टँकचं चित्र बघताना मनात आपला शोषखड्डा आणायचा. बंद जागेत जनरेटर चालवल्याने कार्बन मोनॉक्साइडने माणसं मरतात हा भाग मात्र जसाच्या तसा उचला. पुरात वीज गेली की आपल्याकडेही कोणीतरी जनरेटर पावसापासून वाचवायला व्हरांड्यात किंवा खोलीत आणतोच.

जागतिक आरोग्य संघटनेचे मोफत धडे ओपनडब्ल्यूएचओ या नावाने २०१७ पासून आले. आता शोधताना डब्ल्यूएचओ अकॅडमी हेही नाव टाकून पाहा. साथरोगाच्या बाजूने ते भक्कम आहेत. आपल्या देशात दिल्लीची राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था, म्हणजे एनआयडीएम, ऑनलाइन अभ्यासक्रम आणि वेबिनार घेते. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, जिल्हा प्राधिकरण, कोणी कोणाला कळवायचं, हा भाग तिथूनच शिका. परदेशी कोर्समध्ये तो मिळणार नाही. पुण्याच्या यशदामध्ये, म्हणजे राज्य सरकारच्या प्रशिक्षण संस्थेत, आपत्ती व्यवस्थापनाचं केंद्र आहे, आणि मराठीतून शिकायची संधी मिळाली तर ती तिथे मिळण्याची शक्यता जास्त. सरकारी कर्मचाऱ्यांना आयगॉट कर्मयोगी या सरकारी प्रशिक्षण संकेतस्थळावरही काही धडे मिळतात. एकदम सगळीकडे नोंदणी करू नका. मी तुमच्या जागी असतो तर आधी पाणी, मग संडास, मग निवारा, मग रोगांवर पाळत एवढे चारच विषय तीन महिन्यांत केले असते. किरणोत्सर्गाचा धडा नंतर बघता येईल.

पाण्याचा धडा आपल्या भाषेत कसा आणायचा ते सविस्तर सांगतो, कारण इथेच सगळ्यांची गाडी अडते. कोर्समध्ये क्लोरीनच्या गोळ्या, क्लोरीन मोजायची डीपीडी किट आणि लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम उरलेला क्लोरीन असं दाखवतात. आपल्याकडे टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर, ओटी टेस्ट म्हणजे ऑर्थोटॉलिडिनचे थेंब टाकून पाण्याचा रंग बघायची चाचणी, आणि गावच्या पाण्याची शुद्धता बघणारा जलसुरक्षक. तत्त्व तेच आहे. साधारण स्वच्छ पाण्याला १,००० लिटरमागे ५ ग्रॅम टीसीएल, म्हणजे ५,००० लिटरच्या टँकरला २५ ग्रॅम. पावडर थेट टाकीत फेकायची नाही. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकायचं, अर्धा तास थांबायचं, मग ओटी बघायची. पिवळा रंग आला तर ठीक, नाही आला तर मात्रा वाढवायची. थेंब टाकल्या-टाकल्या, पहिल्या दहा सेकंदांत रंग वाचायचा. पंधरा मिनिटांनी वाचलात तर पाण्यातल्या इतर द्रव्यांशी जोडला गेलेला क्लोरीनही त्यात मोजला जातो आणि पाणी आहे त्याहून चांगलं भासतं. डीपीडी मिळत असेल तर तीच वापरा, ओटीचं रसायन हाताळायला चांगलं नाही.

आणि पुराचं पाणी गढूळ असतं हे विसरायचं नाही. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीवरच खर्च होतो. आधी तुरटी, निवळणं, फडक्याने गाळणं, मग टीसीएल. पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीत नुसतं पोतं ओतून काही होत नाही. उपसा करायचा, गाळ काढायचा, जास्त मात्रा देऊन मुरू द्यायचं, पुन्हा उपसायचं, आणि मग रोजच्या मात्रेवर यायचं. विहिरीचं पाणी मोजायचं सूत्र पाठ करा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ७८५, सगळं मीटरमध्ये, उत्तर लिटरमध्ये. चार मीटर व्यासाच्या आणि पाच मीटर पाणी असलेल्या विहिरीत ६२,८०० लिटर पाणी असतं. त्याला रोजच्या मात्रेने ३१४ ग्रॅम टीसीएल लागतं. हे गणित आशाताईंना यावं, जलसुरक्षकाला यावं, आणि शाळेतल्या सातवीच्या पोरांनाही यावं असं मला मनापासून वाटतं.

एका गावात सगळं बरोबर करूनही ओटीला रंग येईना. मात्रा दुप्पट केली, तिप्पट केली. शेवटी गोदामात जाऊन बघितलं तर टीसीएलचं पोतं तोंड उघडं, ओल्या भिंतीला टेकवलेलं, आत ढेकळं झालेली. क्लोरीन कधीच उडून गेला होता, उरला होता चुना. चांगल्या पावडरीत सुरुवातीला ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो; तो २० टक्क्यांच्या खाली गेला की आपली प्रयोगशाळा नमुना नापास करते. परदेशी कोर्स हे शिकवत नाही, कारण तिथे ओल्या गोदामातलं उघडं पोतं नसतं. म्हणून मी म्हणतो, पाण्याचा धडा संपला त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या गोदामात जा. पोत्याचं तोंड बांधलंय का, फळीवर ठेवलंय का, वास नाकाला झोंबतो का, नमुना शेवटचा कधी पाठवला. वर्षातून दोनदा होणाऱ्या पाणीस्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणात तुमच्या गावाला कोणतं कार्ड मिळालं, लाल, पिवळं की हिरवं, आणि का, तेही त्याच दिवशी काढून वाचा.

अन्नाच्या धड्यात तुम्हाला ५ ते ६० अंश सेल्सिअसचा धोक्याचा पट्टा दाखवतील. शिजवलेलं अन्न त्या पट्ट्यात दोन तासांहून जास्त राहू द्यायचं नाही. आता आपल्याकडचं चित्र: शहरातून भल्या मनाची माणसं सकाळी आठला खिचडी करतात, डब्यात झाकून टेम्पोत घालतात, पूल पाण्याखाली म्हणून टेम्पो वळसा घालून दुपारी दोनला पोचतो. झाकलेली कोमट खिचडी म्हणजे जंतूंना मिळालेली ऊबच. नाही म्हणणं फार जड जातं, समोर उपाशी मुलं असतात. म्हणून हे आधी ठरवावं लागतं. शिधा पाठवा, आम्ही इथेच शिजवतो. तयार पाठवायचंच असेल तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवा. आपल्या सोलापूरची कडक भाकरी आपत्तीत पाठवायला अगदी योग्य अन्न आहे. तिच्यात ओल नसते म्हणून जंतू वाढत नाहीत, ती आठवडे टिकते, गॅस लागत नाही, पोटाला आधार देते. दात नसलेल्या म्हाताऱ्यांसाठी आणि वर्षाच्या आतल्या लेकरांसाठी मात्र वेगळी मऊ सोय लागतेच, तेवढी यादी वेगळी ठेवा.

मेलेल्या जनावरांबद्दल तुम्ही विचारलंत. सीनेच्या पुरात गोठेच्या गोठे गेले, शेतकऱ्याचं दुःख बघवत नव्हतं. लोक "आता रोगराई येणार" म्हणून आधी तिकडे धावतात. वास येतो, डोळ्यांना दिसतं, म्हणून भीती वाटते. पाण्याच्या स्रोतापासून लांब, खोल पुरणं हे करायचंच, पशुवैद्यकीय विभागाला घेऊन करायचं, पंचनामा झाल्याशिवाय पुरायचं नाही, नाहीतर भरपाई बुडते. पण पहिल्या दिवसाची तुमची माणसं आणि तुमचं टीसीएल त्यावर खर्च करू नका. माणसांच्या मृतदेहांबाबतही तसंच. अपघाताने, बुडून, ढिगाऱ्याखाली गेलेल्यांच्या देहांमुळे साथ पसरते हा समज जागतिक आरोग्य संघटनेने आणि रेडक्रॉसने वारंवार खोडून काढलाय. त्यांच्यावर चुना किंवा ब्लिचिंग पावडर टाकून काही साधत नाही. ओळख पटवणं, फोटो, नोंद, नातेवाइकांच्या ताब्यात सन्मानाने देणं, हे महत्त्वाचं. साथ येते ती जिवंत माणसांच्या विष्ठेतून आणि न शुद्ध केलेल्या पाण्यातून.

धूरफवारणीचंही सांगून टाकतो. एका पुरानंतर तिसऱ्याच दिवशी मी गावभर फवारणी करून घेतली. मशीनचा आवाज झाला, धूर दिसला, लोकांना बरं वाटलं, वरिष्ठांनाही बरं वाटलं. त्याच दिवसांत पाण्याच्या पाइपलाइनला गटाराशेजारी गळती होती आणि आमची माणसं मशीनमागे फिरत होती. आठवड्यात गॅस्ट्रोचे रुग्ण आले. पुराच्या वेगाने अंडी-अळ्या बऱ्याचशा वाहून जातात. पाणी ओसरून डबकी साचल्यावर अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, मग चावे, मग माणसात ताप. म्हणजे डासांचं खरं काम दुसऱ्या आठवड्यापासून आहे, आणि तेही धुरापेक्षा डबकी, टायर, टाक्या शोधण्याचं.

इथून तुम्हाला रोगांचं वेळापत्रक उमगेल. मला वाटतं कोणत्याही कोर्समधली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. पहिले दोन-तीन दिवस जखमा, विजेचा धक्का आणि साप. बिळात पाणी गेलं की घोणस, मण्यार घरातल्या आणि छावणीतल्या कोरड्या कोपऱ्यात येतात. कापणं नाही, चोखणं नाही, दोरी आवळणं नाही. हातपाय हलू न देता १०८ बोलवायची आणि सर्पदंशावरचं प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यायचं. पटकी आणि गॅस्ट्रो काही तासांपासून पाचेक दिवसांत. चिखलात अनवाणी फिरलेल्यांना लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप, साधारण पाच ते चौदा दिवसांनी. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत तेच झालं. डेंग्यू, हिवताप तीन आठवड्यांपासून पुढे. कावीळ तर महिनाभराने किंवा आणखी उशिरा, आणि ती 'ई' प्रकारची असेल तर गर्भवतीला फार घातक. आता बघा, तुमची छावणी तीन दिवसांत बंद झाली. वर्तमानपत्रांतून पूर गेला. पण तुमचं काम सहा ते आठ आठवडे चालायला हवं होतं. रोज एक वही: ताप किती, पातळ जुलाब किती, कावीळ किती, कोणत्या वस्तीत. आयएचआयपी या सरकारी रोगनोंदणीच्या पोर्टलवर नोंद करताच, पण आपली वहीसुद्धा ठेवा. एका गल्लीत एका दिवसात जुलाबाचे तीन रुग्ण दिसले की अहवालाची वाट न बघता त्या गल्लीच्या नळापाशी जाऊन उभं राहायचं.

याच वहीच्या मागच्या पानांवर पावसाळ्याआधी आणखी एक यादी असू द्या: पुढच्या महिनाभरात बाळंत होणाऱ्या बायका, क्षयरोगाचा औषधोपचार चालू असणारे, इन्शुलिनवाले, डायलिसिसवाले, फिट्सची गोळी घेणारे. घर वाहून गेलं की गोळ्याही जातात. छावणीत तिसऱ्या दिवशी फिट येते ती पुरामुळे येत नाही, गोळी चुकल्यामुळे येते.

इंग्रजीची भीती बाळगू नका. या धड्यांतले नेहमीचे शब्द दीड-दोनशे असतील. सोबतच्या आरोग्य सेवकाला घेऊन दोघांनी मिळून बघा, वाक्य अडलं की फोनवरच भाषांतर करून घ्या, आणि प्रत्येक शब्दापुढे आपल्या गावातली वस्तू लिहा. 'शेल्टर' पुढे जिल्हा परिषदेची शाळा, 'वॉटर सोर्स' पुढे गावठाणातली विहीर. रेंज नसेल तर तालुक्याला बैठकीला गेलात की धडे उतरवून घ्या. आणि शिकलेलं त्याच आठवड्यात आशाताईंना शिकवा. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममध्ये तयार ठेवलं आणि ते पाजायला रुग्णांच्या नातेवाइकांनाच शिकवलं. तिथला पटकीचा मृत्युदर ३० टक्क्यांच्या आसपास होता, तो ४ टक्क्यांच्या खाली आला. तिथे पाजणारे हात आयांचे आणि भावांचे होते.

प्रत्यक्ष सरावाला आपल्याला दूर जायला नको. आषाढी वारी आपल्याच जिल्ह्यात येते. ज्ञानोबांची पालखी धर्मपुरीला जिल्ह्यात शिरते, मग नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. एका रात्रीत गावाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसं तळावर उतरतात, पहाटे निघून जातात, आणि मागे सगळं उरतं. टँकर भरायची ठिकाणं, प्रत्येक टँकरची ओटी, फिरते संडास, उघड्यावरचं अन्न, हरवलेली माणसं, उन्हाने आलेली चक्कर: पुराच्या छावणीत जे जे लागतं ते सगळं इथे तारीख ठरवून येतं. तुमची वारीची ड्युटी लागली तर ती टाळू नका. एप्रिल-मेमध्ये धडे पूर्ण करा आणि तळावर एक दिवस कोर्सची यादी हातात घेऊन फिरा. किती माणसांमागे किती संडास निघाले, टँकरच्या शेवटच्या बादलीत क्लोरीन उरला का, रात्री बायकांच्या वाटेवर उजेड होता का. त्या एका दिवसात जे समजेल ते कोणताही व्हिडिओ दाखवू शकणार नाही.

नंतर, जूनच्या पहिल्या आठवड्यात, गावात एक तासाचा कागदी सराव घ्या. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, मुख्याध्यापक, जलसुरक्षक, आशाताई, वायरमन. टेबलावर गावाचा नकाशा. तुम्ही एवढंच म्हणायचं: रात्रीचे अकरा वाजलेत, वरून सीना-कोळेगाव धरणाचं पाणी सोडल्याचा निरोप आलाय, पहाटेपर्यंत पाणी वस्तीत येईल. पहिला फोन कोण कोणाला करतो? जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ किती जणांच्या फोनमध्ये आहे? शाळेची किल्ली कोणाकडे? आम्ही असा सराव केला तेव्हा किल्ली ज्यांच्याकडे होती ते गुरुजी मुक्कामाला तालुक्याच्या गावी राहत होते. दुसऱ्या दिवशी किल्लीच्या दोन प्रती झाल्या, एक आशाताईंकडे, एक पोलीस पाटलांकडे.

ईएचटीईआरमधला पाण्याचा भाग या आठवड्यात सुरू करा. तो संपला की शाळेच्या टाकीचं माप, गोदामातल्या टीसीएलची अवस्था आणि विहिरीचा व्यास, या तीन गोष्टी मला लिहून कळवा. संडासांचं आपण त्यानंतर बोलू.